रेकॉर्डर चालू, लायसन्स आहे, तरी कॉल सापडत नाही: इंदूरच्या छोट्या ऑफिसांसाठी तपासणीचा क्रम

छावणीतली आडतीची पेढी असो, सियागंजातलं घाऊक दुकान असो किंवा शेअर दलालाचं दोन खोल्यांचं ऑफिस, व्यवस्था बहुतेक ठिकाणी सारखीच असते: फोनवरचं बोलणं साठवणारा दोन, चार किंवा आठ लाइनींचा यूएसबी रेकॉर्डर, त्याला जोडलेला एक विंडोज संगणक आणि चॅनेलच्या, म्हणजे रेकॉर्ड होणाऱ्या लाइनींच्या, हिशेबाने घेतलेलं सॉफ्टवेअरचं लायसन्स. बिघाडही ठरलेलेच येतात. पहिला संशय मात्र दर वेळी लायसन्सवर जातो, कारण पडद्यावर लाल अक्षरांत तोच शब्द दिसतो. नवीन लायसन्सचे पैसे भरण्याआधी खालचा क्रम पुरा करून बघा. तांब्याची तार काढून फायबर बसवल्यानंतर सुरू होणारी तक्रार हल्ली सर्वांत जास्त दिसते, आणि तिचा लायसन्सशी काही संबंध नसतो.

लक्षणं

– कॉल झाला, पण यादीत फाइलच नाही.
– फाइल आहे, पण आत शांतता, किंवा फक्त आपलाच आवाज.
– शनिवारी संध्याकाळी सुरू झालेली एकच फाइल सोमवारी सकाळपर्यंत चाललेली.
– एका कॉलचे चार-पाच तुकडे, प्रत्येक तुकड्याची सुरुवात कापलेली.
– आवाजामागे सतत घूं घूं.
– फाइल बरोबर आहे, पण समोरच्याचा नंबर नाही.
– ‘लायसन्स सापडलं नाही’ किंवा ‘मुदत संपली’ असा संदेश.
– चारपैकी दोनच लाइनी रेकॉर्ड होतात.

यातलं आपलं लक्षण कोणतं ते चाचणी कॉल करून पक्कं करा. आपल्या मोबाइलवरून ऑफिसच्या लाइनवर फोन लावा, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आकडे मोजा, लाइनचा नंबर आणि वेळ मोठ्याने बोला. मग त्याच लाइनवरून बाहेर फोन लावून हेच करा. येणारा आणि जाणारा, दोन्ही कॉल हवेतच. नुसता येणारा तपासून ‘ठीक आहे’ म्हटलं की अर्धा बिघाड लपून राहतो. रिसीव्हर ठेवल्यावर सॉफ्टवेअरच्या पडद्यावर त्या चॅनेलची स्थिती बदलते का, तेही बघा. ती बदलत नसेल तर सरळ व्होल्टेजच्या तपासणीवर जायला हरकत नाही.

तारीख आणि वेळ

सगळ्यांत आधी संगणकाचं घड्याळ. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की रात्री मेन स्विच बंद केलेला संगणक सकाळी जुन्याच कुठल्यातरी वर्षात उठतो. मग दोन गोष्टी होतात. लायसन्स म्हणतं, ‘माझी मुदत अजून सुरू झालेली नाही’ किंवा ‘घड्याळाशी छेडछाड झाली आहे’. आणि रेकॉर्डिंग झालंच असेल तर ते त्या जुन्या वर्षाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. आजच्या तारखेला शोधणाऱ्याला वाटतं, कॉल गेले. रेकॉर्डिंगचं मुख्य फोल्डर उघडा आणि अनोळखी वर्षाचं फोल्डर दिसतंय का बघा. ‘हरवलेले’ कॉल पुष्कळदा तिथेच असतात.

सेल नवा असताना ३ व्होल्ट दाखवतो. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली असेल तर बदला, चहा-पोह्यांच्या पैशांत काम होतं. मग वेळ इंटरनेटशी जुळवून ठेवा. शेअर दलालाच्या ऑफिसात हे जास्त महत्त्वाचं, कारण कॉलची वेळ आणि ऑर्डर टाकल्याची वेळ जुळली नाही तर रेकॉर्डिंग असूनही वाद मिटत नाही.

जागा, झोप आणि वीज

डिस्क भरली की बहुतेक सॉफ्टवेअर गप्प थांबतं, ओरडत नाही. हिशेब सोपा आहे. जी.७११ या फोनचा आवाज डिजिटल करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत आवाज सेकंदाला ६४ किलोबिट घेतो, म्हणजे तासाला २८.८ एमबी. चार लाइनी, प्रत्येकीवर रोज तीन तास बोलणं धरलं तर दिवसाला सुमारे ३४६ एमबी, वर्षाच्या अडीचशे कामाच्या दिवसांना ८६ जीबी, तीन वर्षांना २६० जीबी. न दाबलेली सोळा बिटची फाइल ठेवली तर याच्या दुप्पट. म्हणजे १ टीबीची डिस्क पुरून उरते. तरीही ती भरत असेल तर कुठलीतरी लाइन रात्रंदिवस रेकॉर्ड होते आहे, आणि तो बिघाड पुढे व्होल्टेजमध्ये सापडेल. बॅकअपची डिस्क एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर तिच्यावर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, कॉपी मध्येच थांबते. ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या, पण आधी तिच्यातला डेटा दुसरीकडे उतरवा.

विंडोजची स्लीप बंद करा. पडदा विझला तरी चालेल, संगणक झोपता कामा नये. रात्री अपडेट होऊन संगणक परत सुरू होतो आणि पासवर्डच्या पडद्यावर थांबून राहतो. सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून बसवलेलं नसेल, तर सकाळी कोणी लॉगिन करेपर्यंतचे कॉल गेले. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ‘वीज परत आल्यावर आपोआप सुरू’ हा पर्याय असतो, तो चालू ठेवा.

डोंगल आणि लायसन्स

यूएसबी डोंगल, म्हणजे लायसन्स साठवलेली छोटी कांडी, असेल तर तो संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लावा. पुढचा पोर्ट आणि हब दोन्ही टाळा: पुढच्या पोर्टला झाडू-पोछा करणाऱ्याचा धक्का लागतो आणि हबला वीज कमी पडते. दिवा लागत नसेल तर दुसरा पोर्ट, तिथेही नसेल तर दुसरा संगणक. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या गुणधर्मांत ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ ही खूण काढा. दुपारी दोन तास फोन आला नाही की लायसन्स ‘गायब’ होतं आणि संगणक परत चालू केला की ‘येतं’, ते यामुळेच.

सेंटिनेल कंपनीच्या जातीचा डोंगल असेल तर त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट १९४७ (localhost:1947) उघडा. तिथल्या यादीत डोंगल दिसतो पण सॉफ्टवेअरला सापडत नाही, तर डोंगल ठणठणीत आहे. सॉफ्टवेअरची आवृत्ती किंवा फायरवॉल बघा. ते पानच उघडत नसेल तर ड्रायव्हरची सर्व्हिस बंद आहे, बहुधा अँटिव्हायरसने उचलून ठेवली आहे. काही लायसन्सं रिमोट डेस्कटॉपमधून उघडल्यावर मुद्दाम चालत नाहीत. घरून बघताना एरर येते आणि ऑफिसात येत नाही, तर हेच कारण समजा.

डोंगल नसलेलं लायसन्स संगणकाच्या हार्डवेअरला बांधलेलं असतं: मदरबोर्ड, डिस्क किंवा नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा ओळख क्रमांक. नवीन लॅन कार्ड घातलं, व्हीपीएन बसवलं, वायफायमध्ये ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ चालू झालं, की लायसन्सला वाटतं हा दुसराच संगणक. आधी ती शेवटची जोड काढून बघा. पैसे न लागणारा उपाय आहे.

लाइनींची संख्याही बघा. खोक्याला आठ पोर्ट आहेत म्हणून लायसन्स आठचं असतं असं नाही. चार चॅनेलचं लायसन्स बहुधा पहिल्या चार पोर्टांना मिळतं. पोर्ट २ रिकामा ठेवून लाइन पाचव्यात लावली की ती कधीच रेकॉर्ड होणार नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये चॅनेल आपण नेमून देऊ शकतो, तेवढं सेटिंगमध्ये शोधा.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घालू नका. ग्राहकांचे सौदे ज्या संगणकावर साठतात तिथे उगम माहीत नसलेली फाइल चालवणं धोक्याचं आहेच, शिवाय वाद झाला की समोरचा वकील पहिला प्रश्न सॉफ्टवेअरवरच विचारतो.

तार आणि व्होल्टेज

खरा बिघाड बहुतेक इथे असतो, म्हणून इथे घाई करू नका.

रेकॉर्डर लाइनला समांतर जोडलेला असतो. रिसीव्हर उचलला की लाइनचं व्होल्टेज पडतं, ठेवला की चढतं. या चढउतारावरून त्याला कॉल कधी सुरू झाला आणि कधी संपला ते कळतं. एक्सचेंजच्या तांब्याच्या लाइनवर रिसीव्हर ठेवलेला असताना ४८ च्या आसपास डीसी व्होल्ट असतात, उचलल्यावर साधारण ६ ते १२. सॉफ्टवेअरमध्ये यांच्या मधला एक आकडा ‘थ्रेशोल्ड’ म्हणून भरलेला असतो. व्होल्टेज त्याच्या खाली गेलं की रेकॉर्डिंग सुरू, वर गेलं की बंद.

आता फायबर आलं. फोनची तार एक्सचेंजऐवजी भिंतीवरच्या ओएनटी (फायबर घेऊन फोन-इंटरनेट देणाऱ्या) खोक्याच्या फोन पोर्टमधून येते, आणि ते व्होल्टेज त्या खोक्यावर अवलंबून असतं. काही ४८ देतात, काही त्याहून बरंच कमी. ईपीएबीएक्सच्या (ऑफिसातले आतले फोन जोडणाऱ्या खोक्याच्या) एक्स्टेन्शनवरही अनेकदा २४ च असतात. थ्रेशोल्ड २६ वर आणि लाइन २४ ची, म्हणजे रेकॉर्डरच्या दृष्टीने फोन कायम उचललेलाच. शनिवार ते सोमवारची लांबलचक फाइल तयार होते ती अशी. उलट थ्रेशोल्ड ५ वर ठेवला असेल तर रिसीव्हर उचलूनही व्होल्टेज त्याखाली जात नाही आणि एकही फाइल बनत नाही.

मोजायचं असं. मल्टिमीटर डीसी २०० वर ठेवा. रोझेट, म्हणजे भिंतीवरची फोनच्या तारेची डबी, उघडून ज्या दोन स्क्रूंना लाइन येते तिथे टोकं लावा. आकड्यामागे उणे चिन्ह आलं तर गोंधळू नका, टोकं उलटी लागली आहेत इतकंच. रिसीव्हर ठेवलेला असतानाचा आकडा लिहा, मग उचलून लिहा. दोन्हींच्या साधारण मधला आकडा थ्रेशोल्डमध्ये भरा: ४८ आणि ८ मोजले तर २८, २४ आणि ६ मोजले तर १५. प्रत्येक चॅनेलला वेगळा आकडा भरता येतो, आणि भरायलाच हवा. एक लाइन फायबरची आणि तीन ईपीएबीएक्सच्या असतील तर एकच आकडा सगळ्यांना चालणार नाही. रेकॉर्डरच्या खोक्यावर चिकटपट्टी लावून हे आकडे तारखेसह लिहून ठेवा, पुढचा माणूस दुवा देईल.

मोजताना उघड्या तारेला बोट लावू नका. घंटी वाजते तेव्हा त्याच तारेवर ७५ ते ९० व्होल्ट एसी येतात, चांगलाच झटका बसतो.

आकडे असे वाचा. ३ च्या खाली: तार तुटली आहे किंवा ओएनटी बंद आहे. उचललं काय नि ठेवलं काय, आकडा ८-१० वरच अडकला: त्याच लाइनवर समांतर लावलेला दुसरा फोन नीट ठेवलेला नाही, किंवा फॅक्स लाइन धरून बसला आहे. बाकीचे फोन एकेक करून काढा. आकडा उडतो, ३०, ४५, ३८: सांध्यात ओल आहे. पावसाळ्यात रोझेटच्या स्क्रूवर हिरवा थर चढतो. तार अर्धा इंच कापून, नवीन तांबं सोलून परत आवळा. उचलल्यावर आकडा जवळपास हलतच नाही, पण फोन नीट चालतो: ती ईपीएबीएक्सची डिजिटल एक्स्टेन्शन आहे. साधा रेकॉर्डर तिच्यावर चालत नाही, नुसती सळसळ रेकॉर्ड होते. त्याला ईपीएबीएक्सच्या आधी, बाहेरच्या लाइनींवर हलवा.

तसंही छोट्या ऑफिसात रेकॉर्डर बाहेरच्या लाइनींवरच बरा. चार लाइनी आणि बारा एक्स्टेन्शन असतील तर चार चॅनेलच्या लायसन्समध्ये भागतं. तोटा एवढाच की आतला कोण बोलला ते नुसत्या फाइलवरून कळत नाही. ते हवं असेल तर ईपीएबीएक्सची कॉल नोंद, म्हणजे एसएमडीआर, सॉफ्टवेअरला जोडून घ्या.

फायबरची दुसरी गंमत वीज गेल्यावर कळते. तांब्याच्या लाइनला एक्सचेंजची वीज असायची, दिवे गेले तरी फोन चालायचा. ओएनटी मात्र वीज गेली की मेला, लाइन शून्यावर, आणि काही रेकॉर्डर शून्याला ‘फोन उचलला’ समजून शांतता रेकॉर्ड करत बसतात. संगणकाच्या यूपीएसवरच ओएनटी लावा.

आवाजावर चालणारं रेकॉर्डिंग, म्हणजे व्हॉक्स, हा व्होल्टेजचा पर्याय म्हणून सुचवला जातो. नाइलाज असेल तरच वापरा. आवाज ऐकल्यावर ते जागं होतं, त्यामुळे पहिला शब्द कापला जातो, आणि सौद्यात नेमका तोच ‘घ्या’ की ‘विका’ हा शब्द असू शकतो. वापरायचंच असेल तर शांततेनंतर थांबण्याची मुदत ८ ते १० सेकंद ठेवा. ती २-३ वर असली की एका कॉलचे तुकडे पडतात.

घूं घूं आणि गायब नंबर

५० हर्ट्झची घूं घूं बहुधा अर्थिंगमधून येते. रेकॉर्डर बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपला, चार्जर काढून, लावून बघा. आवाज गेला तर दोष विजेच्या बाजूला आहे. प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात २-३ एसी व्होल्टपेक्षा जास्त येत असतील तर इलेक्ट्रिशियन बोलवा. फोनची तार विजेच्या तारेबरोबर एकाच पट्टीतून नेली असेल तर वेगळी करा.

नंबर येत नसेल तर आधी साधा कॉलर आयडीचा फोन लावून बघा. त्यावर येतो आणि रेकॉर्डरवर नाही, तर सेटिंगमध्ये डीटीएमएफ आणि एफएसके, नंबर पाठवण्याच्या या दोन्ही पद्धती आलटून पालटून बघा. लाइन तांब्यावरून फायबरवर गेली की हा प्रकार बदललेला असू शकतो. एफएसकेचा नंबर बऱ्याचदा पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मध्ये येतो. पहिल्याच घंटीला झडप घालणाऱ्यांना दुसरी घंटी वाजू द्यायला सांगा.

नेटवर्कवरचे फोन

आयपी फोन असतील तर एकाच बाजूचा आवाज ही ठरलेली तक्रार. आवाजाचे दोन स्वतंत्र प्रवाह असतात, एक जाणारा, एक येणारा. स्विचवर पोर्ट मिररिंग (फोनच्या पोर्टवरच्या डेटाची नक्कल रेकॉर्डरच्या पोर्टवर पाठवणं) करताना फक्त एक दिशा निवडलेली असली की अर्धा कॉल मिळतो. दोन्ही दिशा निवडा. दोन फोन एका साध्या, मॅनेज न होणाऱ्या स्विचवर असतील तर त्यांच्यातला आवाज मिरर केलेल्या पोर्टपर्यंत पोचतच नाही. एनक्रिप्शन चालू असेल तर फाइल बनते, पण आत नुसता खरखराट. कोडेक, म्हणजे आवाज दाबण्याची पद्धत, जी.७११ ए-लॉ ठेवा. इतर कोडेकसाठी काही रेकॉर्डर वेगळं लायसन्स मागतात.

मोबाइलवर ॲप टाकून काम भागवण्याचा मोह सोडा. अँड्रॉइड ९ पासून कॉलचा आवाज बाहेरच्या ॲपला मिळणं बंद होत गेलं, आणि ११ मे २०२२ पासून गूगल प्लेच्या नियमांनी ॲक्सेसिबिलिटीची पळवाटही बंद केली. म्हणून अशा ॲपमध्ये आपलाच आवाज येतो. ऑर्डर रेकॉर्डेड लाइनवरच घ्यायची, हाच नियम ठेवा.

कुठे थांबायचं

वीज कडाडून गेल्यानंतर दोन-तीन चॅनेल एकदम मेले असतील तर खोका उघडू नका, दुरुस्तीला द्या. मे-जूनमध्ये माळव्यात हे दरवर्षीचं आहे. तांब्याच्या लाइनवर सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि फायबरवर तो ओएनटीच्या ॲडॅप्टरला हवा, कारण तिथे झटका विजेच्या बाजूने येतो.

घंटी वाजत नसतानाही लाइनवर स्थिर एसी व्होल्टेज दिसलं तर विजेची तार कुठेतरी चिकटली आहे. हात काढा, मेन बंद करा, इलेक्ट्रिशियन आणि लाइनमन दोघांना बोलवा.

पीआरआय लाइन (एकाच वेळी तीस कॉल नेणारी डिजिटल लाइन) असेल तर स्वतः तार कापू नका. तिच्यावर तीस जणांचं बोलणं असतं, आणि टॅप चुकला की सगळ्या लाइनी एकदम बसतात.

इमारतीबाहेरच्या डब्याला किंवा दुसऱ्याच्या लाइनला हात लावायचा नाही. टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट २०२३ च्या कलम ४२ प्रमाणे दुसऱ्याचे कॉल बेकायदा ऐकणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. आपल्या लाइनवरही सुरुवातीला ‘हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ ही सूचना लावा. कॉल सेंटरसाठी दूरसंचार विभागाची ओएसपी (इतर सेवा पुरवठादार) नोंदणी नोव्हेंबर २०२० मध्ये रद्द झाली आहे, त्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

संगणक मेला आणि लायसन्स त्यातच होतं, तर फॉरमॅट करू नका. विक्रेत्याला बिल, सिरियल नंबर आणि जुना हार्डवेअर आयडी द्या. सेंटिनेलमध्ये सी-टू-व्ही (ग्राहकाकडून विक्रेत्याला जाणारी) फाइल पाठवली की ते व्ही-टू-सी (विक्रेत्याकडून ग्राहकाला येणारी) फाइल परत देतात. संगणक जिवंत असताना बदलणार असाल तर जुन्यावरून लायसन्स आधी मोकळं करा. डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती लगेच बंद करून डेटा काढणाऱ्याकडे न्या. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवून बघण्यात उरलेलंही जातं.

आणि ज्या कॉलवर वाद सुरू झाला आहे, त्याच्या फाइलला हात लावू नका. आवाज वाढवणं, कापणं, नाव बदलणं, एमपी३ करणं, काहीही नाही. सेबीच्या २२ मार्च २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे शेअर दलालाने फोनवर आलेली ऑर्डर रेकॉर्ड करणं सक्तीचं आहे, नोंद किमान तीन वर्षं ठेवायची, आणि वाद चालू असेल तर तो मिटेपर्यंत. आडतीच्या सौद्याला तो नियम लागू नाही, पण कोर्टात पुरावा द्यायचा तर रीत सगळ्यांना एकच: १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक संगणक सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचा हॅश आकडा (फाइलवरून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहायचा. फाइलची प्रत काढा, मूळ फाइलचा एसएचए२५६ हॅश काढून कागदावर लिहा, संगणकाचं ते फोल्डर जुन्या फाइली आपोआप पुसण्याच्या यादीतून वगळा, आणि बाकीचं वकिलावर सोडा.